आधी झाकण, मग बंब

अंगणातला पोहण्याचा तलाव हिवाळ्यातही वापरता यावा, असं मनात आलं की पहिली चौकशी होते ती हीटरची. गॅसवरचा घ्यावा, विजेवरचा घ्यावा, की गच्चीवर सोलर बसवावं? विक्रेतेही याच प्रश्नाचं उत्तर घेऊन बसलेले असतात. पण पाणी तापवणं हा या खटाटोपातला सोपा भाग आहे. तापलेलं पाणी तापलेलं ठेवणं हा अवघड भाग. कमी पैशात ऊबदार तलाव हवा असेल तर खर्चाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी तलावाचा आकार, मग झाकण, मग वाऱ्याला आडोसा आणि सगळ्यात शेवटी हीटर. हे नुसतं मत नाही. शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या जोरावर कागदावर मांडून पाहता येईल असा तो हिशेब आहे.

उदाहरणासाठी पुण्याजवळच्या एखाद्या घरामागचा तलाव घेऊ: ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२५ मीटर खोल. पाणी ३०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे तीन टँकर. एक हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे वीजबिलातलंच, एक किलोवॉट-तास. उष्णता कुठूनही आली तरी इथे ती याच मापाने मोजू. त्या हिशेबाने आपला तलाव एका अंशाने वर न्यायला ३५ युनिट हवीत. जानेवारीत पुण्यातला पहाटेचा पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा उघड्या तलावातलं पाणी २२ अंशांच्या आसपास असेल असं धरू. २८ अंश झाले की घरातली लहान-मोठी सगळी माणसं न कुडकुडता पाण्यात उतरतील. हे सहा अंश चढवायला २१० युनिट पुरतात. व्यावसायिक वापराच्या १९ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये साधारण २४० युनिट उष्णता असते आणि बऱ्या हीटरने त्यातली ८५ टक्के पाण्यात उतरते. म्हणजे जेमतेम एका सिलिंडरमध्ये काम होतं. (स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर या कामाला लावायचा नसतो, हे सांगून ठेवलेलं बरं.) थंडीच्या सुरुवातीला एक सिलिंडर लावला आणि फाल्गुनापर्यंत पोहत राहिलो, असं झालं असतं तर ऊबदार तलाव ही चैन ठरलीच नसती.

तसं होत नाही, कारण तलावाच्या पृष्ठभागावरून पाणी सतत वाफ होऊन उडत असतं. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण उष्णतेची खरी चोरी तीच करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना ०.६७ युनिट उष्णता खर्ची पडते आणि ती मागे राहिलेल्या पाण्यातून घेतली जाते. एवढ्या उष्णतेत ५८० लिटर पाणी एका अंशाने तापलं असतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एक लिटर पाणी उडून गेलं की ५८० लिटर पाणी एका अंशाने गार होतं. माठ थंडावतो तो याच नियमाने. माठात हा नियम आपल्याला हवा असतो, तलावात नको असतो, एवढाच फरक. पाणी २८ अंशांवर, हवा कोरडी आणि जागा थोडी वाऱ्याची असेल तर दिवसाला ७ मिलिमीटर पाणी उडतं असं धरायला हरकत नाही. आपल्या २४ चौरस मीटरच्या तलावात ते १६८ लिटर होतं आणि त्यासोबत ११३ युनिट उष्णता जाते. तलावाला आणखी वाटाही आहेत: निरभ्र रात्री पाणी आकाशाकडे उष्णता फेकतं, गार हवा थोडी नेते, जमीन अगदी थोडी नेते. पण अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने उघड्यावरच्या तलावांसाठी दिलेल्या हिशेबात सुमारे ७० टक्के गळती एकट्या बाष्पीभवनाची आहे. ते प्रमाण लावलं तर आपल्या तलावाची रोजची एकूण गळती १६० युनिटच्या घरात जाते.

आता जमेची बाजू. महाराष्ट्रात स्वच्छ दिवशी दर चौरस मीटरवर सुमारे ५ युनिट ऊन पडतं. २४ चौरस मीटरवर १२० युनिट झाली आणि त्यातली ९५ तरी पाण्यात मुरतात. म्हणजे सोलर बसवण्याआधीच तलाव हा स्वतःच एक भला मोठा सोलर आहे. पंप नाही, नळ्या नाहीत, काच नाही, आणि तरी दिवसाला तीन-साडेतीन हजार लिटर पाण्याला २५ अंशांची चढ देता येईल इतकी उष्णता तो फुकट गोळा करतो. मग तो गार का राहतो? त्याला झाकण नाही म्हणून. मिळालेलं सगळं तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत उधळून टाकतो. १६० मधून ९५ गेले, तूट ६५ युनिटची राहिली. हीटर विकत घेणारा माणूस खरं तर ही तूट विकत घेत असतो, आणि ती एकदा नव्हे, तर थंडीतल्या प्रत्येक दिवशी. गॅसवर भागवायचं तर तीन दिवसांत एक सिलिंडर संपेल, महिन्याला नऊ-दहा. विजेच्या साध्या हीटरवर महिन्याला १,९५० युनिट पडतील. महावितरणच्या घरगुती दरात ५०० युनिटनंतरचा टप्पा सगळ्यात महाग असतो आणि हा वापर जवळजवळ सगळा त्याच टप्प्यात जाईल.

म्हणून झाकण. तलावासाठी बुडबुड्यांच्या प्लास्टिकची जी निळसर चादर मिळते तिला बाजारात सोलर कव्हर म्हणतात. वस्तू पॅकिंगमधल्या, फुटाण्यासारख्या फुटणाऱ्या बबल-शीटसारखीच, पण जाड आणि उन्हाला टिकणारी. ती पाण्यावर तरंगते, वाफेची वाट जवळपास बंद करते आणि बरंचसं ऊन आत जाऊ देते. हिशेबात उतावीळपणा नको. झाकण थोडं ऊन अडवतंच, लोक पोहत असतात तेव्हा ते काढलेलं असतं, शिवाय आकाशाकडे जाणारी उष्णता ते अंशतःच रोखतं. तरीही त्याच ऊर्जा विभागाच्या सांगण्याप्रमाणे तापवण्याचा खर्च झाकणामुळे ५० ते ७० टक्क्यांनी उतरतो. मधला ६० हा आकडा धरला तर ६५ ची तूट २६ वर येते. नऊ-दहा सिलिंडरांच्या जागी चार. जे काम हीटर बदलून किंवा मोठा घेऊन होणार नाही ते प्लास्टिकच्या एका थराने होतं. तरी अंदाजपत्रकात टाइल्स, दिवे आणि धबधबा लिहिला जातो आणि झाकण राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही गोऱ्यांच्या थंड देशातली काळजी आहे, आपल्याकडे ऊन मुबलक आहे. पण बाष्पीभवन नुसत्या थंडीवर ठरत नाही. पाण्याची ऊब आणि हवेतला ओलावा यांत जितकं अंतर जास्त, तितकी वाफ जास्त. घाटमाथ्यावरची आणि मराठवाड्यातली हिवाळी हवा दिवसा हाताची कातडी फुटावी इतकी कोरडी असते. तिच्यासमोर २८ अंशांचं पाणी उघडं ठेवणं म्हणजे ओलं कापड उन्हावाऱ्यात वाळत घालणंच झालं. अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर गोष्ट वेगळी आहे. तिथे हवा दमट, रात्री फारशा गार नाहीत आणि तलावाचं पाणी मुळातच उबदार. किनारपट्टीवर नुसत्या झाकणावर, कोणताही हीटर न लावता, हिवाळा निघून जाण्याची चांगली शक्यता असते. वाऱ्याचंही असंच. पृष्ठभागावरून वारा वाहू लागला की दमट झालेली हवा बाजूला सरते आणि कोरडी तिची जागा घेते. तलावाच्या वाऱ्याकडच्या बाजूला कमरेच्या वर वाढवलेली मेंदीची दाट कुंपणरांग किंवा साधी भिंत हे झाकणानंतरचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. मात्र भिंतीची सावली पाण्यावर पडता कामा नये, नाहीतर एका हाताने दिलेलं दुसऱ्याने घेतलं असं होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कव्हर रोज काढायचं-घालायचं कोण? सुरुवातीचे पंधरा दिवस उत्साह असतो, मग ते भिंतीशी गुंडाळून पडतं. हे खरं आहे आणि त्याचं उत्तर खड्डा खणण्याआधीच द्यावं लागतं. राजम्याच्या दाण्यासारखा बाक दिलेला तलाव चित्रात छान दिसतो, पण त्यावर चादर रुळावर गुंडाळता येत नाही. तिचे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकडा ओला, जड, शेवाळलेला हातात येतो. सरळ चौकोनी तलावाच्या एका टोकाला हाताने फिरवायचा रूळ बसवला की चार मीटर रुंदीची चादर एक माणूस एक-दोन मिनिटांत ओढतो. म्हणून तलावाचा आकार हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही, तो इंधनाचाही आहे. क्षेत्रफळाचंही तेच. खोलीने रोजची गळती फारशी वाढत नाही, पृष्ठभागाने वाढते. सहा मीटरच्या जागी आठ मीटर लांबी केली की पोहण्यात दोन हात जास्त मिळतात आणि गळती एक-तृतीयांशाने वाढते.

तिसरं म्हणणं हीट पंपवाल्यांचं. हवेतली ऊब शोषून पाण्यात सोडणारं हे यंत्र एका युनिट विजेत तीन ते सात युनिट उष्णता देतं. आपल्याकडच्या हवेत, विशेषतः दुपारी चालवलं, तर पाच धरायला अडचण नाही. मग झाकणाची कटकट कशाला? तर ६५ ची तूट हीट पंपने भरायला रोज १३ युनिट वीज लागते, महिन्याला ३९०. झाकण असेल तर २६ च्या तुटीला पाच-सव्वापाच, महिन्याला १६० च्या आत. शिवाय तूट लहान झाली की यंत्रही लहान पुरतं. हीट पंप उत्तम आहे, पण तो झाकणाची जागा घेत नाही. गळक्या रांजणात मोठ्या नळाने पाणी सोडण्यासारखं ते होईल.

ज्यांना हीट पंपचाही खर्च नको त्यांच्यासाठी महाराष्ट्रातल्या शिवारात एक वस्तू सगळीकडे पडलेली आहे: ठिबकची काळी नळी. उन्हात पडलेल्या नळीतून दुपारी येणारं पहिलं पाणी चटका देतं, हे शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तलावाला लागणारी ऊब फक्त २८ अंशांची, म्हणजे दुपारच्या हवेच्या जवळपासची असल्यामुळे काच, तांब्याचे पत्रे, निर्वात नळ्या असलं काहीही लागत नाही; बिनछिद्राची काळी नळी गच्चीवर किंवा पत्र्यावर पसरली की पडलेल्या उन्हातलं निम्म्याहून जास्त ती पकडते. दर चौरस मीटरला रोज ३ युनिट धरली तर झाकलेल्या तलावाची २६ ची तूट नऊ चौरस मीटर भरून काढतात. उघड्या तलावाला बावीस लागतील. सोळा मिलिमीटरच्या नळीने एक चौरस मीटर झाकायला साठ-बासष्ट मीटर लागते, म्हणजे एकूण साडेपाचशे मीटर. इथे हौशी माणसं हमखास एक चूक करतात: सगळी नळी एकाच लांब वेटोळ्यात जोडतात. मग पंपाला पाणी ढकलवत नाही, थेंब थेंब येतं आणि ते इतकं तापतं की नळीच हवेला उष्णता परत देऊ लागते. दोन जाड नळांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या अनेक नळ्या समांतर जोडाव्यात आणि पाणी भरपूर वाहू द्यावं. परत येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जेमतेम एक-दोन अंश गरम असेल, हाताला कळणारही नाही, आणि ‘हे चालत नाही’ म्हणून घरातला कोणीतरी कंटाळेल. ते चालतंय. पुष्कळ पाणी थोडं तापवणं हे थोडं पाणी पुष्कळ तापवण्यापेक्षा इथे नेहमी फायद्याचं असतं. ऊन उतरलं की मात्र हा फेरा बंद करायचा, कारण रात्री त्याच नळ्या तलाव गार करतात. वैशाखात हाच दोष गुण होतो. रात्री पंप चालवून कोमट झालेला तलाव थंड करता येतो.

आता स्पा. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून अंग शेकण्याचं सुख ३८-३९ अंशांना मिळतं, २८ ला नाही. तीस हजार लिटर तिथवर नेण्याचा विचारही सोडून द्यावा; त्याला सहाशे युनिट लागतील. हवा आहे तो हजार लिटरचा, तीन-चार माणसं मावतील असा वेगळा हौद. जकुझी हे नाव आपण ज्या इटालियन भावांमुळे वापरतो त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात १९५६ मध्ये बनलेलं उपकरण हे घरच्या साध्या टबात सोडायचा एक पंप होतं, आणि ते घडलं कुटुंबातल्या संधिवाताने पिडलेल्या मुलासाठी. हा शोध मुळात टबाएवढ्या पाण्याचा आहे. हजार लिटर २२ वरून ३९ वर न्यायला वीसच युनिट लागतात. तीन किलोवॉटच्या हीटरवर सहा-सात तास, किंवा नीट वाळलेलं दहा किलो लाकूड. लाकडासाठी जुन्या घरातला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणावा. जाळ मधल्या नळकांड्यात, भोवती पाणी, त्यामुळे ऊब बाहेर जायच्या आत पाण्याला भेटते. परदेशात लाकडी टबांमध्ये बुडवून ठेवायच्या ज्या शेगड्या मिळतात त्यांचं तत्त्व अगदी हेच आहे. गावाबाहेरच्या घराला हे शोभतं. दाट वस्तीत धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो, तिथे वीजच बरी. स्पाला तरंगती चादर पुरत नाही, चार बोटं जाडीचं फोमचं झाकण हवं. आणि स्पाचं पाणी ओसंडून तलावात पडण्याची शोभिवंत रचना टाळावी. तिच्यात हजार लिटरांची ऊब तीस हजारांत विरघळते. हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअरही पाणी झपाट्याने गार करतो, तो बसलेलं असतानाच चालू ठेवावा.

काटकसरीला कुठे थांबायचं तेही इथेच सांगायला हवं. इमर्शन रॉड, म्हणजे बादलीत टाकायची विजेची कांडी, तलावात किंवा स्पामध्ये कधीही टाकू नये, पाण्यात माणूस नसला तरी. प्रत्येक पंपाला आणि हीटरला चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. स्पाचं पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये. गरोदर बाईने आणि हृदयविकार असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच उतरावं. कोमट पाणी जंतूंनाही आवडतं, म्हणून क्लोरीन तलावात दशलक्ष भागांत किमान एक आणि स्पात किमान तीन असावं, आणि पीएच ७ ते ७.८ मध्ये. तळातल्या शोषक जाळीचा धोका फार कमी लोकांना ठाऊक असतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये स्पाच्या तळाच्या ओढीत अडकून बुडाली, आणि तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे कायदा झाला. एका पंपाला एकमेकांपासून दूर अशा दोन जाळ्या आणि दोन्हींवर घुमटाकार झाकणं, एवढ्या साध्या उपायाने ती ओढ विभागली जाते.

खड्ड्याच्या खर्चातही हाच विवेक लागतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली, आणि तळ्यात अंथरायचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आज गावोगावी परिचयाचा आहे. काँक्रीटऐवजी तोच वापरून तलाव करता येतो. जमीन काळी असेल तर तो बरासुद्धा, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि ताठ भिंतीला तडे पाडते. खाली मुरुमाचा दाबलेला थर मात्र हवा. पण शेततळ्याचा उतार जसाच्या तसा उचलू नये. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, आणि शेततळ्यात पडलेल्या माणसाला वर येता येत नाही ते याच कारणाने. उभ्या भिंती, धरायला कठडा, दोन ठिकाणी पायऱ्या आणि मुलांना उघडता येणार नाही असं कुंपण यांवर काट मारून वाचवलेला पैसा मला मान्य नाही. काळ्या तळाचा तलाव किंचित जास्त ऊन शोषतो हे खरं, तरी तळाशी गेलेलं मूल दिसावं म्हणून तळ फिका असावा. आणि बबल कव्हर म्हणजे सुरक्षेची जाळी नव्हे. त्यावर पाऊल पडलं तर ते माणसाला गुंडाळून घेतं.

राहिला पाण्याचा आक्षेप, आणि तो मी सगळ्यात गंभीर मानतो. जलजीवन मिशनने ग्रामीण घरांसाठी माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं आहे. आपल्या उघड्या, उबदार तलावातून उडणारे १६८ लिटर म्हणजे तीन माणसांचं पाणी. जिथे उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो तिथे असा तलाव बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी ठिकाणी झाकण हीच पाण्याबद्दलची जबाबदारी आहे, कारण उष्णता आणि पाणी एकाच वाटेने जातात आणि एकच चादर दोन्ही अडवते.

हे सगळं स्वतःच्या तलावावर तपासायला एक बादली पुरते. बादलीत तलावाचंच पाणी भरून ती पहिल्या पायरीवर, निम्म्याहून अधिक बुडेल अशी ठेवायची, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं राहील. बादलीच्या आतल्या पाण्याची पातळी आणि बाहेरची तलावाची पातळी, दोन्हींना बादलीवरच खूण करायची आणि २४ तास तलावाला हात लावायचा नाही. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला तर अस्तर गळतंय, आधी ते शोधायचं. दोन्ही सारखेच उतरले तर ते अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं, तलावाच्या चौरस मीटरने गुणायचं म्हणजे उडालेले लिटर मिळतात, आणि त्यांना ०.६७ ने गुणलं की वाफेसोबत गेलेली युनिट. दुसऱ्या दिवशी बादली बाहेर काढून तलावावर चादर ओढायची आणि फक्त तलावाची उतरण मोजायची. या दोन आकड्यांतलं अंतर वहीत लिहून झाल्यावरच हीटरच्या दुकानात जावं.